सुब्बारावांची सायटेशन्स मोजायची कशी?

विभाग: विज्ञान-तंत्रज्ञान
धागाकर्ता: प्रयोगवही

बायोकेमिस्ट्री शिकलेल्या कुणालाही 'फिस्के-सुब्बाराव' ठाऊक असतं. फॉस्फेट असलेला नमुना घ्यायचा, आम्लात मॉलिब्डेट घालायचं, मग एएनएसए (रंग आणणारं रसायन), थोडं थांबायचं, निळा रंग चढला की कलरीमीटरवर ६६० ला रीडिंग घ्यायचं. आलेख काढायचा, जर्नलवर बाईंची सही, पुढचं प्रॅक्टिकल. कित्येकांना परीक्षेपर्यंत हा जोडनावाचा एकच कुणी गोरा साहेब वाटत असतो.

त्या जोडनावातला दुसरा माणूस म्हणजे येल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १२ जानेवारी १८९५, भीमावरम. मद्रास मेडिकल कॉलेजात शस्त्रक्रियेच्या वर्गात खादीचा गाऊन घातला म्हणून साहेबाची खप्पा मर्जी झाली आणि एमबीबीएसऐवजी एलएमएस या खालच्या पदवीवर समाधान मानावं लागलं. १९२२ मध्ये बोस्टनला, हार्वर्डमध्ये. १९४० मध्ये तिथून बाहेर पडून न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हरला लेडर्ले या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत, आणि दोन वर्षांत तिथल्या संशोधनाचे प्रमुख. ॲमिनोप्टेरिन आणि मेथोट्रेक्सेट ही कर्करोगावरची औषधं याच प्रयोगशाळेतून आली. ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी झोपेत मृत्यू.

हे चरित्र बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. मला बोलायचंय ते त्यांच्या प्रकाशनांबद्दल.

फॉस्फरस मोजण्याच्या पद्धतीवरचा त्यांचा निबंध १९२५ चा. जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री, खंड ६६, पान ३७५ पासून. सायटेशन, म्हणजे इतरांनी आपल्या निबंधात दिलेला संदर्भ, मोजण्याचा उद्योग ज्यांनी सुरू केला त्या यूजीन गारफिल्ड यांच्या सर्वाधिक उद्धृत निबंधांच्या याद्यांमध्ये हा निबंध असायचा. नंतर १९२७ मध्ये 'सायन्स'मध्ये फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये तिथेच एटीपी, दोन्ही पेशीतल्या ऊर्जेशी संबंधित रेणू. तिन्ही ठिकाणी लेखक दोनच, हार्वर्डमधले त्यांचे वरिष्ठ सायरस फिस्के आणि सुब्बाराव.

आता कर्करोगाकडे या. फॉलिक आम्ल हे पेशींच्या वाढीला लागणारं जीवनसत्त्व. ते प्रयोगशाळेत तयार झाल्याची बातमी १९४५ मध्ये 'सायन्स'मध्ये आली. लेखक सोळा. सुब्बाराव त्या रांगेत मध्येच कुठेतरी. मग याच आम्लाचा शत्रू, म्हणजे त्याचं काम अडवणारा रेणू, बनवायचा प्रयत्न. फॉलिक आम्लाच्या रेणूत चौथ्या जागी असलेला हायड्रॉक्सिल गट काढून तिथे ॲमिनो गट बसवला की ॲमिनोप्टेरिन होतं. त्याची पहिली टिपणी १९४७ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये आली. लेखक सीगर, स्मिथ आणि हल्टक्विस्ट. सुब्बाराव नाहीत. हे औषध बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना दिलं. १६ पैकी १० मुलांत सुधारणा दिसली, तात्पुरती. तो निबंध ३ जून १९४८ च्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आहे, केमोथेरपीचा इतिहास सांगताना तो हमखास येतो. त्याच्या पाच लेखकांतही सुब्बाराव नाहीत.

म्हणजे हिशेब असा की फक्त लेखकयादी आणि सायटेशन बघितली तर हा माणूस 'फॉस्फरस मोजणारा' ठरतो. ज्या कामामुळे लाखो माणसं जगली त्यावर त्याची सही शोधावी लागते. एच-इंडेक्सला (सायटेशनवरून संशोधकाचं वजन ठरवणारा आकडा) यातलं काय दिसतं? फार तर निळा रंग.

कर्करोगाच्या औषधांवर काम करणाऱ्या माणसाचं योगदान मोजायचं तर कशावरून मोजायचं, यावर चर्चा व्हावी म्हणून धागा काढलाय.


तिरकस

नोबेल न मिळालेल्या भारतीयांचा आणखी एक धागा. स्वागत. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.


प्रयोगवही

@तिरकस, पॉपकॉर्न थंड होईल. नोबेलचं मी लिहिलेलंच नाही. सुब्बारावांना कुणी फसवलं असाही दावा नाही. लेडर्लेत ते स्वतः प्रमुख होते. ठरवलं असतं तर त्या प्रत्येक निबंधावर शेवटचं नाव लावून घेता आलं असतं. आजचे विभागप्रमुख काय करतात ते बघा. त्यांनी लावलं नाही. मला कुतूहल त्याचं आहे.


बकुळा

आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे, बरीच वर्षं झाली. पहिल्यांदा चिठ्ठी हातात पडली तेव्हा नेटवर शोधलं आणि पहिल्याच ओळीत 'कर्करोगावरील औषध' वाचून घरात रडारड. मावशी तर म्हणाली, डॉक्टर काहीतरी लपवतायत. आज कळलं की याच्या मागे एक तेलुगू माणूस आहे. आईला वाचून दाखवलं, तिने विचारलं की मग दर आठवड्याला एकदाच का घ्यायचं आणि बाकीच्या दिवशी ती पिवळी फॉलिक ॲसिडची गोळी का. मला सांगता आलं नाही. इथे कुणी डॉक्टर आहे का?


डॉ_खटपट्या

आहे.

@बकुळा, आईंचा प्रश्न बरोबर नेमका आहे. पेशीला विभाजन करायचं तर नवा डीएनए लागतो आणि त्यासाठी फॉलेट लागतं. शरीरातलं एक एन्झाइम, डायहायड्रोफोलेट रिडक्टेज, ते फॉलेट कामाच्या रूपात आणतं. मेथोट्रेक्सेट दिसायला फॉलिक आम्लासारखंच असल्यामुळे ते या एन्झाइमला जाऊन घट्ट चिकटतं आणि काम अडवतं. भराभर वाढणाऱ्या पेशींना याचा फटका जास्त, म्हणून ल्युकेमियात उपयोग. पण तोंडाचं अस्तर, आतडं, अस्थिमज्जा याही भराभर वाढणाऱ्याच जागा, म्हणून तोंड येणं वगैरे त्रास. संधिवातात डोस फारच लहान असतो, आठवड्याला साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. फॉलिक ॲसिडची गोळी हे त्रास कमी करण्यासाठी. उलट हाडाच्या सार्कोमात, म्हणजे हाडाच्या कर्करोगात, हेच औषध दर चौरस मीटरला १२ ग्रॅम इतकं देतात आणि ठरलेल्या वेळी ल्युकोव्होरिन देऊन रुग्णाला सोडवतात. ल्युकोव्होरिन हेही फॉलेटच.

एक गोष्ट मात्र मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा: आठवड्यातून एकदा. चुकून रोज घेतल्यामुळे माणसं दगावलेली आहेत. वार ठरवा आणि चिठ्ठीवर तो वार लिहून घ्या. बाकी डोसचं काहीही तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, मला नको.

धाग्याच्या मूळ विषयाकडे. एन्झाइम कोणतं अडतं हे १९५८ च्या सुमाराला कळलं. म्हणजे औषध आधी, कारण नंतर, दहा वर्षांनी. १९४७ मध्ये हातात होतं ते एवढंच: फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फॉलिक आम्लाची संयुगं देऊन पाहिली तर आजार उलट जोर धरतोय असं वाटलं. मग विरोधी औषध द्यायचं ठरलं, आणि ते बनवू शकणारी जागा लेडर्ले. सायटेशनच्या भाषेत बोलायचं तर त्या वेळी उद्धृत करावं असं फारसं काही छापलेलंच नव्हतं. फोन, पत्रं आणि बाटल्या एवढ्यावर काम चाललेलं.

संधिवाताचंही तसंच. गुबनर यांनी १९५१ मध्ये ॲमिनोप्टेरिन देऊन फायदा दिसल्याचं लिहिलं. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. चांगल्या चाचण्या १९८५ च्या आसपास, आणि अमेरिकेत संधिवातासाठी मान्यता १९८८ मध्ये. तीस-पस्तीस वर्षं झोपलेला निबंध. त्या काळात गुबनर यांच्या 'इम्पॅक्ट'चा आलेख काढला असता तर सपाट रेघ आली असती.


तिरकस

@डॉ_खटपट्या, दंडवत. पॉपकॉर्न बाजूला ठेवले.

पण मला एक सांगा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पोस्टमध्ये असं असतं की फिस्केने सुब्बारावांचा शोध ढापला आणि नोबेल घेतलं. खरं की खोटं?


प्रयोगवही

नोबेलचं साफ खोटं. फिस्केंना नोबेल मिळालेलंच नाही. एटीपी जर्मनीत कार्ल लोहमान यांनीही १९२९ मध्येच वेगळं केलं, त्यांनाही नाही. फॉस्फोक्रिएटिनवर तर इंग्लंडमध्ये फिलिप आणि ग्रेस एगलटन हे जोडपं त्याच सुमाराला काम करत होतं. विज्ञानात एकाच वेळी दोन दारं ठोठावली जाणं नेहमीचं आहे, त्याला चोरी म्हणत नाहीत.

अर्धवट खरं काय आहे ते सांगतो. जॉर्ज हिचिंग्स हे फिस्केंच्याच प्रयोगशाळेतले विद्यार्थी, सुब्बारावांना जवळून पाहिलेले. त्यांनी पुढे सांगून ठेवलंय की सुब्बारावांनी वेगळी केलेली काही न्यूक्लिओटाइड्स (डीएनए ज्यांचा बनतो ते घटक आणि त्यांची भावंडं) कित्येक वर्षांनी इतरांना पुन्हा शोधावी लागली, कारण फिस्केंनी ते काम बाहेर येऊ दिलं नाही, आणि त्यामागे मत्सर असावा. ही एका माणसाची साक्ष. माणूस वजनदार आहे, पण फिस्केंची बाजू कुणी लिहून ठेवलेली मला दिसली नाही, त्यामुळे मी यावर हाणामारी करणार नाही.

या साक्षीचा सायटेशनशी संबंध मात्र थेट आहे. जो निबंध छापलाच गेला नाही त्याला उद्धृत कोण करणार? सगळी मोजणी छापलेल्यावर उभी आहे.


डॉ_खटपट्या

हिचिंग्स यांचं नाव काढलंत म्हणून एक भर. हिचिंग्स आणि गर्ट्रूड एलियन यांनी न्यूयॉर्कजवळ टकाहो इथे बरोज वेलकम कंपनीत ६-मरकॅप्टोप्युरिन हे ल्युकेमियावरचं औषध बनवलं. त्यांना १९८८ चं नोबेल, जेम्स ब्लॅक यांच्यासोबत. एलियन बाईंकडे तर पीएचडीसुद्धा नव्हती. आज मुलांच्या ल्युकेमियाचा देखभालीचा टप्पा चालतो तो मुख्यतः दोन गोळ्यांवर, रोज ६-मरकॅप्टोप्युरिन आणि आठवड्याला मेथोट्रेक्सेट. फिस्केंच्या एका प्रयोगशाळेतून गेलेल्या दोन माणसांची औषधं एकाच चिठ्ठीवर येतात. फिस्के स्वतः कर्करोगाच्या वाटेला गेले नाहीत, पण प्युरिन आणि फॉस्फेटसारखी गोष्ट सूक्ष्म प्रमाणात अचूक मोजायची शिस्त दोघांनाही तिथेच लागली. फॉस्फरसच्या निबंधाला 'फक्त पद्धत' म्हणून हिणवू नये असं मला वाटतं. अर्थात प्रयोगवही यांनी हिणवलेलं नाही, पण 'फार तर निळा रंग' हे जरा जास्त झालं.


खिडकीपाशी

सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातून निवृत्त झालोय, रसायनशास्त्र. हा विषय माझ्या दुखऱ्या नसेवर आहे, तेव्हा प्रतिसाद लांबणार.

पद्धतीचे निबंध सर्वांत जास्त उद्धृत होतात ही नवी गोष्ट नाही. 'नेचर'ने २०१४ मध्ये आजवरच्या शंभर सर्वाधिक उद्धृत निबंधांची यादी काढली. पहिला लाउरी यांचा, प्रथिनं मोजायच्या पद्धतीवरचा, १९५१ चा, तीन लाखांहून जास्त सायटेशन्स. दुसरा आणि तिसराही प्रथिनांवरच्या प्रयोगपद्धतींचेच. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना पहिल्या शंभरात नाही. का? कारण पद्धत वापरली की तिचा संदर्भ द्यावा लागतो, तो रिवाज आहे. आणि कल्पना मोठी झाली की तिचा संदर्भ देणं लोक थांबवतात. 'पेशीत एटीपी ऊर्जा पुरवतं' असं लिहिताना कुणी १९२९ चा निबंध टाकतं का? शाळेच्या पुस्तकात गेलेल्या गोष्टीला तळटीप नसते. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने यावर बरंच लिहिलंय. त्याचं म्हणणं, शोध सर्वांच्या ज्ञानात इतका मिसळून जातो की शोधणाऱ्याचं नाव त्यात विरघळतं. सुब्बारावांचं एटीपी तसं विरघळलं. मेथोट्रेक्सेटचं मात्र तसं म्हणता येणार नाही, तिथे नाव मुळात घातलंच गेलं नव्हतं. दोन वेगळे प्रकार आहेत, धाग्यात ते एकत्र झालेत.

आता आमच्याकडची गंमत. २०१० च्या यूजीसी नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआय, म्हणजे कामगिरीच्या निर्देशांकाचे गुण आणले. निबंधाला इतके, परिषदेला इतके. त्या वर्षापासून आमच्या स्टाफरूममध्ये माणसं संशोधनाबद्दल कमी आणि नियतकालिकाच्या आयएसएसएन नोंदणी क्रमांकाबद्दल जास्त बोलायला लागली. पैसे भरा, आठ दिवसांत छापून घ्या, अशी नियतकालिकं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. ते आवरायला २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी आली, तिचं बरंचसं काम पुणे विद्यापीठात झालं. २०२५ मध्ये यूजीसीने तीही मागे घेतली. आता संस्थांनी आपापलं ठरवायचं.

सुब्बाराव आज आमच्या महाविद्यालयात मुलाखतीला आले असते तर फाइल बघून समितीने विचारलं असतं, "शेवटच्या आठ वर्षांत प्रथम लेखक म्हणून किती?"


तिरकस

आणि पोस्ट स्थानिक उमेदवाराला गेली असती.


नागझिरा

भंडाऱ्याहून. वाचतोय, मस्त चर्चा.

कर्करोग सोडून थोडं अवांतर, पण माणूस तोच आहे म्हणून लिहितो. आमच्या भागात हत्तीरोग आहे. दरवर्षी मोहीम असते, आशाताई घरी येतात आणि समोर उभं राहून गोळ्या खायला लावतात, नंतर खातो म्हटलेलं चालत नाही. त्यातली एक गोळी डीईसी, डायइथिलकार्बामाझिन. तीही लेडर्लेची, सुब्बाराव असतानाची, तेव्हा नाव हेट्राझान. आणि इथे मात्र ते लेखकांत आहेत. १९४७ चा प्राण्यांवरचा निबंध, कॉटन रॅट आणि कुत्र्यांमधल्या, हत्तीरोगाच्या जंतांच्या कुळातल्या जंतांवरचा, त्यात ह्यूइट वगैरे मंडळींबरोबर शेवटचं नाव सुब्बाराव.

आमच्या गल्लीत म्हातारीपासून पोरापर्यंत सगळ्यांनी ही गोळी खाल्लेली आहे भाऊ. याची सायटेशन कोण मोजणार?


मालती_प्लांटवाली

मी औषध कंपनीत प्रोसेस केमिस्ट होते. सगळ्यांचे प्रतिसाद आवडले, पण एक गोष्ट खटकली ती सांगते.

धागा आहे सुब्बारावांचं नाव निबंधावर नाही याबद्दल. आणि ज्यांचं नाव आहे त्यांच्याबद्दल कुणी एक ओळ लिहिली नाही. ॲमिनोप्टेरिनच्या त्या १९४७ च्या टिपणीवर पहिलं नाव आहे सीगर. डोरिस सीगर, बाई. तो रेणू बाटलीत आणणारे हात तिचे. १९४५ च्या सोळाजणांतही ती आहे. १९४९ मध्ये फॉलिक आम्लाच्या ॲमिनो अवतारांवरचा पुढचा सविस्तर निबंध आला, त्यातही पहिलं नाव तिचंच. आपण इथे सुब्बाराव विस्मृतीत गेले म्हणून हळहळतो, आणि त्यांच्यावर भारतात टपाल तिकीट निघालंय, एका बुरशीच्या प्रजातीला सुब्बारोमायसिस असं नाव आहे, चरित्रं आहेत, व्हॉट्सॲप पोस्टी आहेत. सीगरबाईंचं काय आहे?

कंपनीतलं काम कसं चालतं ते सांगते. प्रमुख दिशा ठरवतो: हा रेणू नको, तो करा, इथे मिथिल लावून बघा. (मेथोट्रेक्सेट म्हणजे ॲमिनोप्टेरिनवर दहाव्या नायट्रोजनला एक मिथिल, बस.) बेंचवरची माणसं दिवसेंदिवस तो बनवतात, बिघडतो, पुन्हा बनवतात. टेरिन रसायनं (फॉलिक आम्लाच्या घराण्यातली) तर विरघळायलाच तयार नसतात, कुठल्याही द्रावकात नाही, शुद्ध करताना जीव जातो. मग निबंध लिहायची वेळ येते तेव्हा ज्याने बनवलं त्याचं नाव, हा जुन्या रसायनशास्त्रज्ञांचा नियम. सुब्बारावांनी तो पाळला असं मी म्हणेन. यात अन्याय कुठे आहे? त्यांना मिळालं नाही ते कुणाला तरी मिळालं, आणि ज्यांना मिळालं त्यांचा त्यावर हक्क होता. माझ्या आधीच्या नोकरीत साहेबांचं नाव सगळ्यात वर असायचं, ते रिअॅक्टरच्या मजल्यावर चढलेले मी कधी पाहिले नाहीत.


प्रयोगवही

@मालती_प्लांटवाली, हा प्रतिसाद मूळ धाग्यात असायला हवा होता. 'सीगर, स्मिथ आणि हल्टक्विस्ट' असं लिहून मी पुढे सरकलो खरा.

तुमच्या म्हणण्याला एक पुरवणी. सुब्बारावांनी जे केलं ते दिशा ठरवण्याचं: जीवनसत्त्व वेगळं करा, त्याची रचना शोधा, ते बनवा, आणि बनवता आलं की त्याचे विरोधकही बनवा. वेगवेगळ्या गटांना वर्षानुवर्षं एका रस्त्यावर ठेवायचं, तेही युद्धकाळात, कंपनीच्या पैशावर. हे काम कुठल्याच निबंधाचं पहिलं नाव होत नाही. आज ज्याला आपण प्रकल्पप्रमुख म्हणतो त्याचं हे काम, आणि आजचे प्रकल्पप्रमुख शेवटचं नाव घेतात. मला दोन्ही रिवाजांत काही चूक वाटत नाही. मोजणाऱ्याने मात्र रिवाज ओळखून मोजावं.


सांगलीचा_बाळू

आमच्या हळदीचं पण सांगा की कुणीतरी. त्यातल्या कर्क्युमिनवर तर हजारो निबंध आहेत म्हणे कर्करोगावर. सायटेशन पण भरपूर. मग ते औषध का होत नाही?


डॉ_खटपट्या

@सांगलीचा_बाळू, वेगळा धागा काढा, पण थोडक्यात. हजारो निबंध आहेत हे खरं. रक्तात ते जवळजवळ पोचतच नाही हेही खरं. शिवाय हा रेणू चाचणीच्या रसायनांशी स्वतःच खोड्या करतो, त्यामुळे काचेच्या बशीत तो कशावरही 'गुणकारी' दिसतो. २०१७ मध्ये औषधरसायनशास्त्राच्या एका जर्नलने यावर लांबलचक आढावा छापला, तो कर्क्युमिनसाठी फारसा सुखद नाही. या क्षेत्रातले खूप उद्धृत झालेले काही निबंध मागेही घेतले गेलेत. सायटेशन आणि उपयोग यांची फारकत बघायची तर सुब्बाराव एका टोकाला आणि हे दुसऱ्या टोकाला. भाजीत हळद घाला, केमो थांबवू नका.


परळकर

उशिरा आलो. सगळ्यांनी लेडर्लेपासून सुरुवात केलीय, ती गोष्ट सुरू होते परळमध्ये.

लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आली, हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. गरोदर बायकांना, त्यातही गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना, एक जीवघेणा पंडुरोग व्हायचा, तांबड्या पेशी फुगलेल्या असायच्या. विल्सने आहार तपासले, माकडांवर प्रयोग केले, आणि मार्माइट, म्हणजे यीस्टचा तो खारट काळा अर्क, दिला की बायका बऱ्या होतात हे दाखवलं. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निबंध, एकटीच्या नावावर. त्या अर्कात नेमकं काय आहे हे तिला कळलेलं नव्हतं. लोक 'विल्स फॅक्टर' म्हणायचे. १९४१ मध्ये टेक्सासमध्ये काही टन पालकाच्या पानांतून एक आम्ल वेगळं केलं गेलं, त्याला फॉलिक नाव पडलं, आणि विल्सच्या मार्माइटमधलं गुणकारी तत्त्व ते हेच असं ठरलं. तिथून लेडर्ले, तिथून ॲमिनोप्टेरिन. म्हणजे मेथोट्रेक्सेटची वंशावळ गिरणगावातल्या बायकांच्या रक्तापर्यंत जाते, आणि त्या बायकांची नावं तर कुठल्याच लेखकयादीत असणार नाहीत.

आता दुसरं टोक. हाफकिनपासून हाकेच्या अंतरावर टाटा मेमोरियल, १९४१ पासून. १९८० च्या दशकात तिथे आणि चेन्नई-दिल्लीत मुलांच्या ल्युकेमियासाठी एमसीपी-८४१ हा उपचारक्रम सुरू झाला, आपल्याकडच्या खर्चाला आणि सोयींना झेपेल असा बेतलेला. त्यातही मेथोट्रेक्सेट होतंच, पाठीच्या कण्यातून द्यायचं इंजेक्शन धरून. डोक्यात लपलेला ल्युकेमिया त्याशिवाय आवरत नाही.

आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग, पुढच्या टप्प्यात गेलेला, हे टाटाच्या ओपीडीतलं रोजचं चित्र. महागडी औषधं बहुतेकांना परवडत नाहीत. टाटाच्या डॉक्टरांनी ४२२ रुग्णांवर चाचणी केली: एका गटाला शिरेतून सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, दुसऱ्याला आठवड्याला तोंडी मेथोट्रेक्सेट आणि रोज सेलेकॉक्सिब ही वेदनाशामक गोळी. या दोन्ही गोळ्या जुन्या, स्वस्त, घरी घेता येणाऱ्या. लॅन्सेट ग्लोबल हेल्थ, २०२०. गोळ्यांच्या गटात मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण निदान इतका काळ जगले) ७.५ महिने, सिस्प्लॅटिनच्या गटात ६.१. त्रासही कमी. फरक दीड महिन्याचा आहे, चमत्कार नाही, पण दर तीन आठवड्यांनी गावाहून येऊन सलाईन लावून घ्यायचं वाचतं. नंतर याच गोळ्यांबरोबर एर्लोटिनिबची गोळी आणि अगदी लहान डोसात निव्होलुमॅब हे महागडं इम्युनोथेरपीचं औषध देऊन पाहिलं, १५१ रुग्ण, २०२३ मध्ये निकाल. वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ वर गेलं.

या निबंधांच्या संदर्भयादीत सुब्बाराव असतील अशी माझी अपेक्षाही नाही. असायची गरजही नाही. पण 'इम्पॅक्ट' शब्दाला काही अर्थ असेल तर तो हा आहे, की सत्तर वर्षांनी कुणीतरी तोच रेणू उचलून वेगळ्या डोसात, वेगळ्या आजारात, वेगळ्या खिशासाठी वापरतं.


बकुळा

@परळकर, धन्यवाद. मार्माइटचं वाचून आई म्हणाली की तिच्या सासूला बाळंतपणात यकृताचा अर्क देत असत, तो प्रकार यातलाच का? असो.

फ्रिजवर 'शनिवार' लिहून लावलंय.


खिडकीपाशी

@बकुळा, यकृतातही फॉलेट भरपूर असतं. १९४५ च्या त्या निबंधातसुद्धा यकृतातून काढलेल्या घटकाशीच तुलना आहे. सासूबाईंना नेमकं काय देत होते ते त्या बाटलीलाच ठाऊक.

परळकरांशी बव्हंशी सहमत. एकच हरकत. 'सत्तर वर्षांनी वापर' हा निकष लावला तर आज चाळिशीत असलेल्या संशोधकाचं मूल्यमापन करायला आपल्यापैकी कुणी उरणार नाही. बढती समितीला उद्या सकाळी अकराला निर्णय द्यायचा असतो. मग ते बिचारे मोजता येतं तेच मोजतात. मला तरी यातून सुटका एवढीच दिसते की समितीतल्या निदान एका माणसाने उमेदवाराचे दोन निबंध पूर्ण वाचलेले असावेत. तेवढंही होत नाही.


तिरकस

दोन निबंध पूर्ण वाचायचे? सर, समितीला चहासुद्धा पूर्ण मिळत नाही.


टोरांटोची_माई

मी ग्रंथालयात काम करते, संदर्भसेवा. सुब्बारावांचं काम शोधायचं असेल तर एक अडचण येते ती सांगून ठेवते. येल्लाप्रगडा हे घराण्याचं नाव आणि सुब्बाराव हे स्वतःचं, तेलुगू रीतीने. अमेरिकेत उलटं धरलं गेलं आणि सुब्बाराव हेच आडनाव झालं. त्यात इंग्रजी स्पेलिंग कुठे 'रो'ने संपणारं, कुठे 'राव'ने, कुठे मध्ये जागा सोडून दोन शब्द, आणि एस-आर मोठे की लहान हा वेगळाच घोळ. त्यामुळे आपोआप तयार होणारी लेखक-पानं त्यांचं काम तीन-चार माणसांत वाटून टाकतात. त्यातलं एक पान भलत्याच, हयात असलेल्या माणसाला जोडलेलंही मी पाहिलंय.

नावाने शोधू नका. निबंधाच्या खंड-पानाने शोधा. १९२५ साठी जेबीसी (जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री), खंड ६६, पान ३७५. ॲमिनोप्टेरिनसाठी जॅक्स (अमेरिकन केमिकल सोसायटीचं जर्नल), खंड ६९, पान २५६७. जुन्या निबंधांच्या संदर्भयादीत शीर्षक छापायची पद्धत नव्हती, फक्त खंड आणि पान असायचं, त्यामुळे तसंच जास्त सापडतं.


प्रयोगवही

@टोरांटोची_माई, हे लगेच करून पाहतो. सीगर यांचंही खंड-पानानेच शोधतो, १९४९ चा सविस्तर निबंध धरून. जे सापडेल ते इथेच टाकेन. मालतीताई, टेरिन रसायनं विरघळत नाहीत त्याबद्दल जमलं तर वेगळं लिहाच.